मोटारसायकलचे ब्रेक फ्लुइड किती काळाने आणि कसे बदलावे

इंजिन ऑइल किलोमीटर मोजून बदलण्याची सवय बहुतेक मोटारसायकलस्वारांना असते, आणि तोच हिशेब ते नकळत ब्रेक फ्लुइडलाही लावतात. तो तेथे लागू पडत नाही. ब्रेक फ्लुइड जुने होते ते प्रामुख्याने काळाने. गाडी किती पळाली याचा त्याच्याशी संबंध फार थोडा. म्हणून थेट उत्तर द्यायचे तर असे देता येईल: नेहमीच्या वापरातील गाडीत ते दर दोन वर्षांनी पूर्णपणे बदलावे, दमट हवेत राहणाऱ्या, डोंगराळ रस्त्यांवर नेहमी चालणाऱ्या किंवा भरपूर ओझे वाहणाऱ्या गाडीत दर वर्षी बदलावे, आणि मालकपुस्तिकेत याहून कमी मुदत सांगितली असेल, तर तीच पाळावी. वर्षातून चार-दोन वेळाच बाहेर पडणारी आणि एरवी आच्छादनाखाली उभी असलेली गाडीही या नियमातून सुटत नाही. अशा गाडीचा मालक मीटरवरचा आकडा पाहून निश्चिंत राहतो, म्हणून खरे तर त्यालाच हे सांगण्याची गरज अधिक असते.

हे सारे डिस्क ब्रेकला लागू आहे. केबलने किंवा सळईने चालणाऱ्या ड्रम ब्रेकमध्ये फ्लुइड नसतेच. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीत फक्त पुढच्या ब्रेकचा विचार करावा लागतो.

फ्लुइड जुने होते म्हणजे नेमके काय होते

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ (डॉट म्हणजे अमेरिकी मानकाने ठरवलेल्या ब्रेक फ्लुइडच्या प्रती) ही तिन्ही फ्लुइडे ग्लायकॉल ईथर या वर्गातील रसायनांपासून बनवलेली असतात आणि हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्यांचा स्वभाव आहे. ब्रेकची यंत्रणा बंद दिसत असली, तरी रबरी होजच्या भिंतीतून, सीलच्या कडांमधून आणि फ्लुइडच्या छोट्या टाकीच्या झाकणाखालील रबरी पडद्यातून बाष्प अतिशय मंद गतीने आत येतच राहते. हा दोष वाटला, तरी त्यामागे एक सोय आहे. फ्लुइडने पाणी आपल्यात सामावून घेतले नसते, तर ते पाणी वेगळे राहून यंत्रणेतील सर्वांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये साठले असते आणि तेथे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळले असते. शोषलेले पाणी सर्वत्र विरघळून राहते, त्यामुळे बिघाड एकाएकी होत नाही. मात्र संपूर्ण फ्लुइडचा उत्कलनबिंदू हळूहळू खाली येत जातो.

किती खाली येतो, हे अमेरिकी मानकातील किमान आकड्यांवरून स्पष्ट होते. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. या आकड्यांतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: पाणी मुरलेले डॉट ५.१ हे बाटलीतून नुकत्याच काढलेल्या डॉट ३ पेक्षा कमी तापमानाला उकळू शकते. उंची प्रतीचे फ्लुइड एकदा भरून चार-पाच वर्षे विसरून जाण्यापेक्षा साधे पण निर्मात्याने सांगितलेले फ्लुइड वेळेवर बदलणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लुइड उकळल्याने धोका का निर्माण होतो, हेही समजून घ्यावे. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच लिव्हरवरचा बोटांचा जोर कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. फ्लुइडमधील पाण्याची वाफ झाली की त्या जागी दाबला जाणारा वायू येतो, आणि मग लिव्हर ओढल्यावर पॅडवर जोर पडण्याऐवजी नुसती वाफच दबते. लिव्हर मऊ लागते, कधी थेट हँडलच्या ग्रिपला टेकते. लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवल्यास हे घडण्याचा संभव सर्वाधिक असतो, आणि मागचा ब्रेक पायाखाली दाबून ठेवण्याची सवय असलेल्या स्वाराच्या बाबतीत तर विशेषच. उतार संपल्यावर गाडी थांबवली, की चाकावरून वाहणारा वारा बंद होतो आणि तापलेल्या डिस्कची व पॅडची उष्णता कॅलिपरमध्ये शिरत राहते, त्यामुळे काही वेळा फ्लुइड थांबल्यानंतरच उकळते. थोड्या वेळाने सारे थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते, लिव्हर पूर्ववत घट्ट लागते, आणि स्वार तो प्रसंग विसरून जातो. लिव्हर एकदा जरी अशी मऊ पडली असेल, तरी त्या फ्लुइडची मुदत संपली असेच धरावे. मग ते भरून सहा महिनेच का झालेले असेनात.

दुसरे नुकसान संथपणे होते. ताज्या फ्लुइडमध्ये गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि काळाबरोबर ती खर्ची पडतात. त्यानंतर पाणी आतल्या धातूवर आपले काम सुरू करते. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हरचा जोर फ्लुइडवर देणाऱ्या नळकांड्याच्या, भिंतीवर बारीक खड्डे पडतात, कॅलिपरचे पिस्टन अडकू लागतात, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिचा दाब कमी-जास्त करणाऱ्या मॉड्युलेटरमधील अतिशय बारीक झडपांमध्ये गाळ साठतो. मॉड्युलेटर हा ब्रेक यंत्रणेतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे, आणि तो वाचवण्यासाठी लागते ती फ्लुइडची एक बाटली.

मुदत ठरवताना

दोन वर्षांची मुदत ही बहुतेक निर्मात्यांनी स्वीकारलेली आहे. काही पुस्तिकांत पहिला बदल एका वर्षानंतर आणि पुढचे दर दोन वर्षांनी सांगितलेले असतात. काहींत वर्षांबरोबर किलोमीटरही दिलेले असतात, आणि तेव्हा दोहोंपैकी जे आधी येईल ते पाळायचे असते. यामाहाच्या अनेक मालकपुस्तिकांत दर दोन वर्षांनी फ्लुइडबरोबर मास्टर सिलिंडर व कॅलिपरमधील सील वगैरे आतले भागही बदलावेत आणि होज दर चार वर्षांनी बदलावेत, असे सांगितलेले आढळते. होजचा हा सल्ला बहुतेक मालक वाचतही नाहीत. वास्तविक रबर जुने झाले की त्यातून बाष्पही अधिक शिरते आणि दाबाखाली होज फुगू लागतो, त्यामुळे ताजे फ्लुइड भरूनही लिव्हर पूर्वीसारखी घट्ट लागत नाही.

मोटारसायकलच्या बाबतीत ही मुदत ओलांडणे मोटारीपेक्षा अधिक जोखमीचे आहे. यंत्रणेतील फ्लुइडचे एकूण प्रमाणच थोडे असल्याने तेवढ्याच बाष्पाचा परिणाम जास्त होतो. पुढची टाकी हँडलवर ऊन-पाऊस झेलत असते. आणि ब्रेकने दगा दिला तर दोन चाकांवरच्या माणसाला सावरायला वाव जवळजवळ नसतो. शर्यतीच्या मार्गावर गाडी नेणाऱ्यांचा हिशेब तर पूर्णपणे वेगळा असतो. तेथे ताजेपणी ३०० अंशांहून अधिक उत्कलनबिंदू असलेली खास फ्लुइडे वापरतात आणि ती वर्षाची वाट न पाहता वारंवार बदलतात. रोजच्या रस्त्यावरील गाडीत असे फ्लुइड भरण्याने काही साधत नाही.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे लेखी नोंद नसेल, तर तोंडी आश्वासनावर न थांबता फ्लुइड लगेच बदलून त्या दिवसापासून मुदत मोजावी.

रंगावरून किती कळते

ताजे फ्लुइड जवळजवळ रंगहीन किंवा फिकट मधाच्या रंगाचे असते. ते चहासारखे तपकिरी झाले असेल, गढूळ दिसत असेल किंवा टाकीच्या तळाशी कण दिसत असतील, तर मुदतीचा विचार न करता ते बदलावे. मात्र याच्या उलट अनुमान काढू नये. फ्लुइड स्वच्छ दिसते म्हणून ते चांगले आहे, असे ठरत नाही, कारण विरघळलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ब्रेकमधील फ्लुइड इंजिन ऑइलप्रमाणे फिरत नसते. कॅलिपरमधील फ्लुइड बहुतांशी तेथेच पडून असते आणि तेच सर्वाधिक तापते. टाकीच्या काचेतून आपल्याला दिसते ते दुसऱ्या टोकाचे. याच कारणामुळे टाकीतील फ्लुइड पिचकारीने काढून तेथे ताजे भरण्याला बदलणे म्हणता येत नाही, जरी काही ठिकाणी तेवढेच करून काम झाल्याचे सांगितले जात असले तरी.

पेनाच्या आकाराची ओलावा तपासणारी उपकरणे फ्लुइडमधून वीज किती वाहते यावरून अंदाज देतात, आणि फ्लुइडच्या प्रकारानुसार तो अंदाज चुकू शकतो. थोडे फ्लुइड प्रत्यक्ष तापवून उत्कलनबिंदू मोजणारे उपकरण अधिक विश्वसनीय असते, परंतु त्यातही नमुना टाकीतून घेतला तर वरची अडचण कायम राहते. दोन वर्षांनी बदलायचेच असेल, तर या तपासण्यांची फारशी गरजही पडत नाही.

टाकीतील पातळी कमी झालेली दिसली, तर लगेच वरून भर घालू नये. ब्रेक पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढे फ्लुइड खाली उतरते. ही नैसर्गिक गोष्ट आहे. तेव्हा आधी पॅडची जाडी पाहावी. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरली आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, तर फ्लुइड वरून सांडते. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल, तर कोठेतरी गळती आहे, आणि ती सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नये.

कोणते फ्लुइड घ्यावे

टाकीच्या झाकणावर फ्लुइडचा प्रकार कोरलेला किंवा छापलेला असतो, तोच घ्यावा. आजच्या बहुसंख्य मोटारसायकलींवर डॉट ४ लिहिलेले असते. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातील असल्याने एकमेकांत मिसळतात, तरीही सांगितलेल्या प्रतीपेक्षा खालची प्रत वापरू नये. डॉट ५ मात्र सर्वस्वी वेगळे आहे. ते सिलिकोनपासून बनते, त्याला जांभळा रंग दिलेला असतो, ते पाणी शोषत नाही आणि ग्लायकॉलच्या फ्लुइडमध्ये मिसळत नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या अनेक जुन्या गाड्यांत ते वापरलेले असे. आकड्यांतील साम्यामुळे डॉट ५ आणि डॉट ५.१ यांची गल्लत होते, म्हणून बाटली घेताना तो दशांश नीट पाहावा. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा कोणतेही खनिज तेल चुकूनही जाऊ देऊ नये, कारण त्याने रबरी सील फुगतात आणि मग साऱ्या यंत्रणेतील रबर बदलावे लागते. काही गाड्यांच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मुद्दाम खनिज तेलच वापरलेले असते, तेथे याच्या उलट काळजी घ्यावी.

बाटली सीलबंद असावी. अर्धी वापरून मागच्या वर्षीपासून फळीवर ठेवलेली बाटली हवेतील बाष्प पीत बसलेली असते. एका ब्रेकसाठी २५० मिलिलिटर सहसा पुरेसे होते.

प्रत्यक्ष बदल

हे काम अवघड नसले, तरी त्यात ढिलाईला जागा नाही. ज्याने पूर्वी पाना हाती धरलेला नाही, त्याने ते जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे आणि जमल्यास शेजारी उभे राहून पाहावे.

लागणारे साहित्य थोडेच आहे: निपलच्या (कॅलिपरवरील, फ्लुइड बाहेर सोडण्याच्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, जो बहुतेकदा ८ किंवा १० मिलिमीटरचा असतो, निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, जुने फ्लुइड गोळा करण्यासाठी बाटली, झाकणाच्या स्क्रूंना अचूक बसणारा स्क्रू ड्रायव्हर, भरपूर फडकी, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ पाण्याची बादली. ग्लायकॉलचे फ्लुइड रंग सोलून काढते, म्हणून इंधनाची टाकी आणि पुढचा मडगार्ड ओल्या फडक्यांनी झाकून ठेवावा, आणि थेंब कोठेही पडला तर नुसता पुसून न थांबता त्यावर लगेच भरपूर पाणी ओतावे.

गाडी सरळ उभी करून हँडल असे वळवावे, की पुढची टाकी समपातळीत येईल. झाकण उघडण्यापूर्वी त्याभोवतीची धूळ पुसून घ्यावी. झाकणाचे स्क्रू मऊ धातूचे असतात आणि बरीच वर्षे न उघडल्याने घट्ट बसलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर घसरला तर त्यांची डोकी जातात आणि दहा मिनिटांचे काम अर्धा दिवस खाते. झाकण, पट्टी आणि रबरी पडदा काढून पुसून बाजूला ठेवावा. टाकीतील जुने फ्लुइड पिचकारीने काढून घ्यावे, तळाचा गाळ धागे न सोडणाऱ्या फडक्याने टिपावा आणि ताजे फ्लुइड भरावे. हे करताना मास्टर सिलिंडरकडे जाणारी तळाची बारीक छिद्रे उघडी पडू देऊ नयेत, आणि तेथून पुढे लिव्हर हळूच दाबावी, कारण त्या छिद्रांमधून वर उडणारे फ्लुइड थेट डोळ्यांत जाऊ शकते.

आता कॅलिपरवरील निपलची रबरी टोपी काढून आधी रिंग पाना चढवावा आणि मग त्यावर नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ताज्या फ्लुइडमध्ये बुडालेले असावे. लिव्हर दोन-तीन वेळा सावकाश दाबून धरून ठेवावी, निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे, लिव्हर खाली जाऊ द्यावी, ती तळाला टेकण्याच्या आत निपल बंद करावे आणि त्यानंतरच लिव्हर सोडावी. या क्रमातच सारे आहे. निपल उघडे असताना लिव्हर सोडली, तर नळीतील जुने फ्लुइड किंवा हवा उलट आत ओढली जाते. जुन्या गाडीत लिव्हर तिच्या नेहमीच्या पल्ल्याच्या पलीकडे दाबणेही टाळावे, कारण मास्टर सिलिंडरमधील सील आजवर न घासलेल्या खरखरीत भागावर जाऊन फाटू शकते. ग्रिप आणि लिव्हर यांच्या मध्ये लाकडाचा छोटा तुकडा धरला की ही भीती राहत नाही.

चार-पाच वेळा हे केले की टाकीत डोकवावे आणि पातळी खालच्या खुणेजवळ जाण्यापूर्वी भर घालावी. टाकी एकदा रिकामी होऊन आत हवा शिरली, की सोपे काम अवघड होऊन बसते. नळीतून येणारा रंग तपकिरीवरून फिकट होईपर्यंत आणि त्यानंतरही आणखी काही वेळ हे चालू ठेवावे, कारण कॅलिपरच्या कोपऱ्यांत अडकलेले जुने फ्लुइड शेवटी निघते. पुढे दोन डिस्क असतील, तर दोन्ही कॅलिपरांवर पुस्तिकेतील क्रमाने हेच करावे. एका कॅलिपरला दोन निपल असतील, तर दोन्ही उघडावीत.

निर्वात पंपाने वरून भरलेले फ्लुइड खालून ओढून घेण्याची पद्धत वेगवान आहे आणि एकट्याने काम करणाऱ्याला सोयीची आहे. तिच्यात एक फसवणूक होते, ती अशी: निपल बंद होते ते त्याच्या शंकूच्या आकाराच्या टोकाने, आट्यांनी नव्हे, त्यामुळे ते सैल असताना पंप आट्यांमधूनही हवा ओढतो आणि नळीत बुडबुडे संपता संपत नाहीत. ते पाहून यंत्रणेत हवा आहे असे समजून बाटलीमागून बाटली रिकामी करू नये. शेवटचे काही दाब हाताने देऊन खात्री करावी.

निपल शेवटी बेताने कसावे. त्यासाठी लागणारा टॉर्क, म्हणजे कसण्याचा पीळ, बहुतेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आत असतो आणि नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. पोकळ निपल जोर लावल्यास सहज तुटते, आणि तुटलेले टोक कॅलिपरमधून काढणे हे फ्लुइड बदलण्यापेक्षा कितीतरी मोठे काम आहे. निपल कसल्यावर नळी काढून ते पाण्याने धुवावे, पुसावे, टोपी बसवावी आणि टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून पडदा व झाकण लावावे. मागच्या ब्रेकचीही पद्धत हीच आहे, फक्त लिव्हरच्या जागी पायाचे पेडल असते आणि टाकी बहुधा सीटखाली किंवा बाजूच्या आवरणामागे दडलेली असते. दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतील, तर पुस्तिकेतील क्रम पाहिल्यावाचून पाना लावू नये.

एबीएस असलेली गाडी

अशा गाडीतही वरील पद्धतीने बहुतांश फ्लुइड बदलले जाते. एरवी बंद राहणाऱ्या झडपांच्या मागे मॉड्युलेटरमध्ये थोडे जुने फ्लुइड मात्र उरते, आणि ते बाहेर काढण्यासाठी बिघाड तपासणारे संगणकी उपकरण जोडून पंप व झडपा चालवाव्या लागतात. दर दोन वर्षांचा नित्याचा बदल घरी चालतो. परंतु मॉड्युलेटरमध्ये हवा शिरली असेल, यंत्रणा पूर्ण उघडली गेली असेल किंवा फ्लुइड अनेक वर्षे बदललेले नसेल, तर गाडी उपकरण असलेल्या ठिकाणीच न्यावी.

काम झाल्यावर

लिव्हर काही वेळा दाबून पाहावी. ती थोड्याच अंतरावर, प्रत्येक वेळी त्याच जागी घट्ट लागली पाहिजे. दाबत राहिल्यावर घट्ट होणारी आणि सोडून पुन्हा दाबल्यावर मऊ लागणारी लिव्हर आत हवा असल्याचे सांगते. जोराने धरून ठेवली असता हळूहळू खाली सरकणारी लिव्हर गळतीकडे किंवा मास्टर सिलिंडरच्या थकलेल्या सीलकडे बोट दाखवते. किंचित मऊपणा उरला असेल, तर लिव्हर पट्ट्याने ग्रिपला बांधून रात्रभर ठेवण्याचा जुना उपाय पुष्कळदा लागू पडतो. बारीक बुडबुडे तेवढ्या वेळात वर चढतात आणि सकाळी लिव्हर सोडताच टाकीत निघून जातात. चाक हाताने फिरवून ते लिव्हर सोडल्यावर मोकळे फिरते का, हेही पाहावे. त्यानंतर निर्मनुष्य जागी चालण्याच्या वेगाने पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा तपासावा, परत येऊन निपल, होजचे सांधे आणि टाकी कोरडी आहेत याची खात्री करावी, आणि मगच गाडी रस्त्यावर काढावी.

बाहेर काढलेले फ्लुइड पुन्हा कधीही वापरू नये आणि गटारात किंवा मातीत ओतू नये. ते झाकणाच्या बाटलीत भरून, नीट चिठ्ठी लावून, टाकाऊ तेल व रसायने स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. बदलाची तारीख आणि फ्लुइडची प्रत सर्व्हिसच्या वहीत लिहावी, आणि तीच तारीख छोट्या चिकटपट्टीवर लिहून टाकीजवळ, पण झाकणापासून दूर, लावून ठेवावी.